गाळलेले एक वाक्य : कोल्हापूरहून नेपाळला गेलेल्या जोडप्याचे प्रकरण

प्रकरण कोणाचे

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मिशन कमिटीचा मी बरीच वर्षे सेक्रेटरी आहे. २०११ ते २०१९ अशी आठ वर्षे कोल्हापुरातले एक जोडपे आमच्या वतीने नेपाळच्या डोंगरात सेवेला होते. त्यांची श्रद्धा तिथे कशी बदलली आणि तो बदल समजून घ्यायला आम्ही इथे कसे कमी पडलो, ते त्या दोघांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून नावे, गाव आणि ते जिथे काम करत तो दवाखाना वगळला आहे. तो शिक्षक, म्हणून मास्तर. ती प्रसूतीचे काम शिकलेली नर्स, म्हणून सिस्टर. आम्ही एरवीही त्यांना तशीच हाक मारतो.

पार्श्वभूमी

आमच्याकडे मिशनरी म्हणजे बाहेरून आलेला माणूस. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, तिथून आमचा इतिहास सुरू होतो. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथेच, कोल्हापुरात जन्मला. १८८६ साली अमेरिकेतल्या माउंट हर्मन इथे शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेची तयारी दाखवली आणि त्यातून स्टुडंट व्हॉलंटियर चळवळ उभी राहिली, त्यात हा कोल्हापूरचा मुलगा पुढे होता. शेजारी मिरजेत डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली दवाखाना उभा केला. हे सगळे आम्ही वर्धापनदिनाला अभिमानाने सांगतो. पण आपणही कोणाला पाठवावे, हे आमच्या डोक्यात फार उशिरा आले. भारतीय ख्रिस्ती लोकांनी १९०५ सालीच बंगालातल्या सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी काढली होती. म्हणजे कल्पना नवी नव्हती, आम्हीच झोपलो होतो.

मास्तर त्या वेळी अडतिशीत होते. संडे स्कूल, तरुण संघ, घरसभा, सगळीकडे पुढे. त्यांची प्रार्थना म्हणजे वीस मिनिटे. आमच्यात बायका म्हणायच्या, मास्तर प्रार्थनेला उभे राहिले की घरी जाऊन कुकर लावून यावा, तरी आमेन सापडतो. यात चेष्टा होती तशी मायाही होती. सिस्टर कमी बोलायच्या. नेपाळला जायची ओढ खरे तर त्यांची. डोंगरात बाळंतपणात बायका मरतात हे त्यांनी तिथून आलेल्या एका डॉक्टरांकडून ऐकले आणि ते त्यांच्या मनातून जाईना.

पहिला निर्णय : जायचे का, आणि कशाच्या बळावर

नेपाळ सोपा वाटला. १९५० च्या करारामुळे भारतीयाला व्हिसा लागत नाही. लिपी देवनागरी. पण दोन गोष्टींवर कमिटीत चर्चा झाली.

एक, पैसा. तिकडे पैसे पाठवण्याच्या भानगडीत पडायचे नाही असे आम्ही ठरवले. राहणे-जेवण दवाखान्याने बघायचे. आम्ही इथे कोल्हापुरातच मास्तरांच्या आईचा औषधपाण्याचा खर्च, घरपट्टी आणि विम्याचे हप्ते भरायचे. हा निर्णय चांगला होता. आठ वर्षांत पैशावरून एकदाही वाद झाला नाही, आणि मंडळीच्या कमिटीत हे केवढे आश्चर्य आहे ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

दुसरी गोष्ट आम्ही धड बोललोच नाही. नेपाळमध्ये मिशनच्या कामाची घडी वेगळी आहे. राणा घराण्याची राजवट १९५१ साली संपली, देश उघडला, आणि १९५४ साली युनायटेड मिशन टू नेपाळ स्थापन झाले ते सरकारशी करार करून. दवाखाने चालवा, शाळा चालवा, पण धर्मप्रचार करायचा नाही, ही त्यातली अट. हे जोडपे जिथे गेले तिथलाही नियम तोच. सिस्टरांना यात काही खटकले नाही. बाळ जन्माला घालताना कोण उपदेश करतो? पण ज्याची सगळी सेवा जिभेवर होती त्या माणसाला आम्ही बोलायची बंदी असलेल्या जागी पाठवत होतो. तिथे तुम्ही काय कराल, असे त्यांना कोणीच विचारले नाही. मीही नाही.

आईने मात्र विचारले. "तिकडं तुझं काम काय रं?" मास्तर म्हणाले, हिशेब बघीन, कर्मचाऱ्यांच्या पोरांना शिकवीन. "मग जा की. पण ती म्हणंल तसं वाग." ती म्हणजे सिस्टर.

तिथली पहिली दोन वर्षे

नेपाळी महिन्यात येईल असे मास्तरांना वाटले होते. बाटो म्हणजे वाट, पानी म्हणजे पाणी, अवघड काय त्यात? वाचता सगळे यायचे, समजायचे मात्र निम्मे. मोठ्या भावाला तिथे दाइ म्हणतात. त्यांनी पत्रात लिहिले, "मला इथे सगळे दाई म्हणतात." आईने ते सगळ्या गल्लीला वाचून दाखवले, की नर्स सून आहे आणि दाई झालाय माझा पोरगा.

नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी, म्हणून उपासनाही शनिवारी. पत्र्याच्या खोलीत चटया, चपला बाहेर, बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, गाण्याला मादल नावाचा ढोल. आमच्या मास्तरांना पहिल्या शनिवारी वाटले, पाहुणे म्हणून चार शब्द बोलायला सांगतील. कोणी सांगितले नाही. दुसऱ्या शनिवारीही नाही. तिथल्या मंडळ्या सुरुवातीपासून तिथल्याच लोकांनी चालवलेल्या आहेत, बाहेरच्याने येऊन पुलपीट, म्हणजे उपदेशाची जागा, धरायची रीत नाही. १९९० पूर्वी धर्मांतर केले म्हणून लोकांना तुरुंग व्हायचा. या खोलीतले पाळकही तरुणपणी काही महिने आत होते. मास्तरांना हे वर्षभराने कळले, आणि तेही पाळकांकडून नाही, दुसऱ्याच कोणाकडून. "आपल्याकडे असते तर," त्यांनी मला नंतर सांगितले, "दर ईस्टरला सगळ्यांसमोर साक्ष झाली असती."

दोन वर्षे ते मागे बसले. मराठीत वीस मिनिटे बोलणाऱ्या माणसाला नेपाळीत तीन वाक्ये जमायची. पुढे मराठीतली वीस मिनिटेही त्यांना स्वतःलाच पोकळ वाटायला लागली. ऐकायला कोणी नसेल तर आपण प्रार्थना करतो का, हा प्रश्न त्यांना तिथे पहिल्यांदा पडला.

अडचण

२०१३ च्या पावसाळ्यानंतर त्यांचे चार पानी पत्र आले. दवाखाना, मुलीची शाळा, गुन्द्रुक नावाचा आंबवलेल्या पाल्याचा प्रकार, पायाला लागलेल्या जळवा. तिसऱ्या पानावर मध्येच एक वाक्य होते:

"गेले आठ महिने मला प्रार्थना जमत नाही. सिस्टर करते, मी शेजारी बसून राहतो."

पुढच्या ओळीत पुन्हा जळवा.

येणाऱ्या रविवारी ते पत्र मला पुलपीटवरून वाचायचे होते. त्याच्या पुढच्या रविवारी कापणीचा सण, म्हणजे वर्गणीची पाकिटे.

समोर कोणते पर्याय होते

पहिला, पत्र आहे तसे वाचणे. लोक काय म्हणतील? ज्याला प्रार्थना जमत नाही त्याला आपण कशाला पोसतोय, असे दोघे-तिघे तरी नक्की म्हणाले असते. मला त्यांची नावेही त्या वेळी डोळ्यांसमोर दिसत होती.

दुसरा, वाक्य जाहीर न वाचता पाळकसाहेबांना दाखवणे आणि त्यांना मास्तरांना लिहायला सांगणे. आज बघताना हा रस्ता इतका सरळ दिसतो की तो मला का सुचला नाही याचेच नवल वाटते. सुचला होता. पण पाळकसाहेब नवीन होते, आणि मास्तरांना पाठवायचा ठराव माझा होता.

तिसरा, वाक्य गाळणे.

मी पेन्सिलने कंस केला आणि ते गाळून पत्र वाचले. निर्णयाला दहा मिनिटेही लागली नाहीत. जळवांवर लोक हसले, कापणीचा सण चांगला झाला. मास्तरांना मी उत्तर लिहिले ते वर्गणीचा आकडा, नवीन पंखे आणि प्रभूचा आशीर्वाद यांविषयी. त्या वाक्याचा उल्लेखही केला नाही. त्यांनी पुन्हा तसे काही लिहिले नाही.

२०१५

२५ एप्रिल २०१५, शनिवार. ११ वाजून ५६ मिनिटांनी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. शनिवार म्हणून शाळा रिकाम्या होत्या आणि हजारो मुले वाचली. शनिवार म्हणूनच मंडळ्या मात्र भरलेल्या होत्या, आणि ठिकठिकाणी लोक उपासनेत असतानाच गाडले गेले. आमच्या लोकांची खोली पत्र्याची, हलकी, म्हणून सगळे बाहेर पडले. आजूबाजूची दगड-मातीची घरे बसली. सिस्टर पुढचे चार दिवस दवाखान्याच्या अंगणात ताडपत्रीखाली बाळंतपणे करत होत्या.

फोन लागला तेव्हा मी म्हणालो, "मास्तर, रविवारी तुमची साक्ष वाचतो. देवाने तुम्हाला कसे वाचवले ते लिहून पाठवा." पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग ते म्हणाले, "दादा, पलीकडच्या गावात प्रार्थना करत असलेले लोक गेले. आम्ही वाचलो ही साक्ष असेल, तर त्यांची काय? ते नका वाचू. लूक तेरा वाचा, बुरुजाचे."

लूकच्या शुभवर्तमानातली ही गोष्ट : शिलोहातला बुरूज पडून अठरा जण ठार झाले. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असे तुम्हाला वाटते काय, असे येशू तिथे विचारतो. सोपे उत्तर त्या उताऱ्यात नाही.

आम्ही स्तोत्र ९१ वाचले. तुझ्या बाजूस सहस्र पडतील, तरी तुला काही होणार नाही, असा त्याचा भाव. लोकांना बरे वाटले. बेचाळीस जणांनी भूकंप निधीला पैसे दिले.

परत यायचे की नाही, हा निर्णय त्याच आठवड्यात घ्यायचा होता. कमिटीचे मत परत या असे होते. मुलगी दहा वर्षांची, धक्के थांबत नव्हते. १२ मे रोजी तर ७.३ चा झाला. सिस्टरांनी एका वाक्यात विषय संपवला: इथल्या बायकांना परत जायला दुसरे घर आहे का? मुलीला तीन महिने मामाकडे मिरजेला ठेवले. माझ्या मते हा मधला मार्ग योग्य होता. मुलीचे मत वेगळे आहे. ती आजही म्हणते की मला विचारले नव्हते.

सप्टेंबरात नेपाळची नवी राज्यघटना आली, तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात, आंदोलन पेटले, आणि सीमेवरून इंधन, गॅस, औषधे येणे जवळजवळ बंद पडले. ते फेब्रुवारीपर्यंत चालले. भारताने सांगितले की नाकेबंदी आमची नाही. नेपाळी माणसाने ते मानले नाही. चार वर्षे दाइ असलेले मास्तर एका महिन्यात पुन्हा "इंडियन" झाले. दुकानदार समोर गॅसची टाकी असून नाही म्हणायचा.

नोव्हेंबरात इथे त्यांची आई गेली. बसला डिझेल नाही. सुनौलीची सीमा, गोरखपूर, तिथून गाडी, असा एरवी तीन दिवसांचा प्रवास. आता किती लागतील कोणी सांगेना. निघू का, असे त्यांनी फोनवर विचारले. मी म्हणालो, येऊ नका, आम्ही सगळे करतो. आम्ही केलेही, नीट केले. पण ते इथे आले नाहीत ते माझ्या शब्दावर, हे मला कळते.

त्या संध्याकाळी त्यांच्या दारात शेजारची एक म्हातारी उभी राहिली. ख्रिस्ती नव्हे. पाठीवरच्या "डोको"त, म्हणजे कपाळाला पट्टा लावून वाहायच्या टोपलीत, लाकडे होती. तिने ती चुलीपाशी ओतली आणि म्हणाली, "तिम्रो देशले बन्द गर्‍यो, मेरो वन त खुल्लै छ नि." तुझ्या देशाने बंद केले, माझे रान तर उघडेच आहे. मग ती बसली. तिच्यामागून आणखी चौघे-पाचजण आले. तिथे आई गेली की मुलगा तेरा दिवस पांढरे नेसतो. याने नेसलेले नव्हते, पण त्यावर कोणी काही बोलले नाही. दोन तास सगळे गप्प बसून होते. मास्तर सांगतात की त्या दोन तासांत प्रार्थना चालू आहे हे त्यांना समजत होते, आणि ती करणारे आपण नाही हेही.

दुःख आले की श्रद्धा वाढते, असे समीकरण यातून काढू नये. त्याच दवाखान्यातले दुसऱ्या देशाचे एक जोडपे त्याच वर्षी देवाधर्माला रामराम ठोकून घरी गेले, आणि ती माणसे आमच्यापेक्षा कमी प्रामाणिक नव्हती, असे सिस्टर म्हणतात.

परतल्यावर

ऑगस्ट २०१८ पासून नेपाळमध्ये नवी दंडसंहिता लागू झाली. धर्मांतर घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, परकीय असेल तर शिक्षेनंतर हद्दपारी. या दोघांनी कोणाचे धर्मांतर केले नव्हते, पण दवाखान्याला बाहेरच्या माणसांची संख्या कमी करायची होती. मुलीची दहावीही जवळ आली होती. जून २०१९ मध्ये ते कोल्हापुरात परतले.

आम्ही स्वागताची उपासना ठेवली. हार, बॅनर, बाहेर मंडप. मास्तरांना ४० मिनिटे दिली. ते सात मिनिटे बोलले. किती लोक प्रभूकडे आले, असे एका वडीलधाऱ्यांनी उभे राहून विचारले. "मला माहीत नाही," मास्तर म्हणाले, "मी मोजत नव्हतो. मला मात्र तिथल्यांनी सांभाळले." शेवटच्या प्रार्थनेत दोन वाक्ये आणि मग इतकी शांतता, की पेटीवाल्याने आमेन झाला समजून सूर धरला.

जेवणाच्या पंगतीत मी कानाने ऐकले: "मास्तर विझलेत." दुसरा म्हणाला, "तिकडच्या थंडीनं थंड झाले."

ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. ४३ फूट ही धोक्याची पातळी; पाणी त्याच्या कितीतरी वर गेले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, शाळांमध्ये छावण्या लागल्या. सिस्टर कोणी न सांगता एका छावणीत गेल्या आणि आधी गरोदर बायांची यादी केली. मास्तर संडास धुवायला उभे राहिले. आमच्या तरुण संघाच्या पोरांनी बिस्किटांबरोबर वाटायला पत्रके आणली होती. मास्तरांनी ती पिशवी त्यांच्या हातून घेतली आणि टेबलाखाली ठेवली. पोरे चिडली. मास्तर त्यांना म्हणाले, "पाणी उतरेपर्यंत या माणसांना इथून उठून जाता येत नाही. ज्याला उठून जाता येत नाही त्याला उपदेश करायचा नाही."

यावर कमिटीत दोन तास वाद झाला. एक मत असे, की सुवार्तेची लाज वाटू लागली हेच विझल्याचे लक्षण. मी मास्तरांच्या बाजूने बोललो. पण समोरच्यांचा मुद्दा अगदीच पोकळ होता असे नाही. आठ वर्षे कायद्याने गप्प राहिलेल्या माणसाला पुढे गप्प राहायची सवयच लागली असेल, ही शंका मलाही होती. तेव्हा मी त्यांना सरळ विचारले. ते म्हणाले, "बोलायला मला आजही आवडते दादा. कोणी विचारले तर रात्रभर बोलेन. पण विचारल्याशिवाय नाही, एवढाच फरक."

निष्पन्न

पुराच्या नंतर कोणीतरी त्यांना विचारले. मग आणखी कोणी. आता दर गुरुवारी त्यांच्या घरी आठ-दहाजण जमतात, त्यांत दोघे आमच्या मंडळीचे नाहीत आणि एक कोणत्याच मंडळीचा नाही. निम्मा वेळ सगळे गप्प असतात. मी दोनदा गेलो. मला ते जमत नाही, माझे लक्ष घड्याळाकडे जाते. आमची हजेरी यामुळे वाढलेली नाही. चारपाच जुनी कुटुंबे अजूनही मास्तरांवर नाराज आहेत.

वेगळे काय करता आले असते

जाण्यापूर्वी दोघांची वेगवेगळी मुलाखत घ्यायला हवी होती. आम्ही एक कुटुंब पाठवले असे समजलो. गेली दोन माणसे होती, आणि त्यांतल्या एकाकडे तिथे ठरलेले काम होते, दुसऱ्याकडे नव्हते. मुलीला भूकंपानंतर विचारायला हवे होते. आईच्या वेळी मी सल्ला द्यायला नको होता. पैसे पाठवतो, तुम्ही ठरवा, एवढेच म्हणायचे.

आणि ते वाक्य. २०२० च्या टाळेबंदीत मास्तरांनी जुनी पत्रे वाचायला मागितली. मी फाइल दिली आणि पेन्सिलचा कंस विसरलो. आठवड्याने त्यांनी फाइल परत आणली, बाहेरच उभे राहिले, मास्क लावून. कंस त्यांनी पाहिला होता. ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी विचारले, "हे वाचले असते, तर कोणीतरी मला पत्र लिहिले असते का हो?"

मी म्हणालो, दोघा-तिघांनी तुम्हाला परत बोलवा म्हटले असते. "ते ठीक," ते म्हणाले. "पण एखाद्याने?"

माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. त्या वर्षी आम्ही कमिटीत ठराव केला की पाठवलेल्या माणसाचे पत्र एकतर पूर्ण वाचायचे किंवा अजिबात वाचायचे नाही. काय गाळायचे ते पत्र लिहिणाऱ्याने स्वतः खूण करून कळवावे. शिवाय प्रत्येकाला एक माणूस नेमून द्यायचा, जो कमिटीत नाही आणि ज्याला वर्गणीशी घेणेदेणे नाही. त्याने फक्त पत्रांना उत्तरे लिहायची.

आमच्यातली एक नर्स सध्या त्याच डोंगरात आहे. मागच्या महिन्यात तिचे पत्र आले. दुसऱ्या पानावर तिने लिहिले आहे की तिथल्या उपासनेत तिला कंटाळा येतो आणि दोन आठवडे तिने बायबल उघडलेले नाही. खूण केलेली नव्हती. मी वाचले. वाचताना आवाज थोडा बसला, पण वाचले. उपासनेनंतर दोन बायकांनी तिचा पत्ता मागून घेतला. त्यांतल्या एकीने विचारले, पत्राबरोबर कांदा-लसूण चटणी पाठवली तर जाईल का. सीमेवर अडवतात का ते बघून सांगतो म्हटले.